तिसरी खेप

शेडवर कुणी कोंबडी म्हणत नाही.
पक्षी म्हणतात, नाहीतर माल.
इराप्पा होनमुर्गी बोरामणीच्या पुढं बारा हजार पक्षी ठेवतो.
आडनावातच मुर्गी, पोरं हसतात.
त्या दुपारी फोनवर ओरडला,
"कुठं थांबुलालास बे, पक्षी चाललेत!"
चाललेत म्हणजे मरायला लागलेत.
एप्रिल. चव्वेचाळीस. लाईट गेलेली, पंखे बंद.

माझा टँकर दहा हजार लिटरचा.
विडी घरकुलाच्या वळणावर बायका उभ्या,
घागरी रस्त्यात आडव्या मांडून.
नळ पाचव्या दिवशी येतो, तोही रात्री दोनला.
त्यांच्यात माझी मेव्हणी अंबुबाई.
तिनं हात केला नाही.
पायानं घागर बाजूला सारली, म्हणाली, जा.
मी गेलो.
दुसऱ्या खेपेलाही गेलो.
तिसऱ्या खेपेला वळणावर कुणी नव्हतं,
घागरी होत्या.

या रस्त्याला दोन्ही अंगांनी पूर्वी मालदांडी डुलायची.
आता मका. मक्याला पाणी,
मका पक्ष्याला, पक्ष्याला पाणी,
कापल्यावर धुवायला पाणी.
मला वाटायचं या रस्त्यावर टँकर माझाच.
रात्री क्रेट भरभरून गाड्या सोलापूरकडं सुटतात,
त्यात किती टँकर जातात पिसं लावून,
कोण मोजतं?

शेडात शिरलो तर डोळे चुरचुरले.
पत्र्यावर पाणी मारलं.
वय अडतीस-चाळीस दिवस,
अंग एवढं भरलेलं की पायांना पेलत नाही.
बसल्या जागी धापा, चोच उघडी.
माझ्या नळीच्या सांध्यातून ठिबकत होतं,
तिथं एक सरकत सरकत आली.
घोट घेतला की मान वर.
घोट घेतला की मान वर.
वर पत्रा.
जन्मल्यापासून तिनं वर पत्राच बघितलेला,
तरी वर बघायची.

मागं होनमुर्गी खड्डा खणत होता.
"पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं,
मरण तेवढं माझ्या खात्यावर."
त्याला काय बोलणार?
मी नळी गुंडाळली.

नागमणीला चाळीस दिवसांचं सांगितलं.
तिला हिशेब हजाराचाच येतो.
"म्हणजे माझ्या चाळीस हजार विड्या होईस्तोवर
जन्मलं, वाढलं, संपलं?"
सुपातली तंबाखू झटकली
आणि पुढचं पान कापायला घेतलं.

पेठेतले महिंद्रकरकाका म्हणतात, आम्ही बाबा शुद्ध.
मी होटगीच्या गोठ्यालाही पाणी टाकतो.
काकांचं तूप ज्या जर्सीचं,
तिचा गोऱ्हा आठव्या दिवशी कुठं गेला
ते मला माहीत आहे, त्यांना मी सांगितलेलं नाही.
आणि मी कुणाच्या ताटात बघावं?
आईनं वजडी शिजवून आम्हाला वाढवलं.
गल्लीनं तेव्हा नाकाला पदर लावलेले.
मला अजून वास येतो,
त्या पदरांचा.

रविवारी ताटात रस्सा आला.
काळा मसाला, वर बोटभर तवंग.
मी भाकरी मोडली, शेंगाचटणी घेतली,
मिठाचा खडा चघळत बसलो उगाच.
वाटी शेवटी श्रीहरीनं ओढली.
पोरगं वाढीचं आहे, खाऊ दे.
सोडलं बिडलं काही नाही मी.
पुढच्या रविवारचं मला सांगता येत नाही.

ठसका लागला.
नागमणीनं तांब्या पुढं केला, अर्धाच.
उद्या नळाचा दिवस.
मी तांब्या उचलला, वरून धार धरली.
घोट, मान वर.
वर पत्रा.